बाळंतपण दोघांचं, नैराश्य कोणाचं? गोव्यातल्या एका पाहणीचं प्रकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगातल्या प्रौढ पुरुषांपैकी साधारण ४ टक्के आणि स्त्रियांपैकी ६ टक्के नैराश्याने आजारी असतात. भारताचे २०१७ सालचे आकडेही तेच सांगतात: स्त्रिया ३.९ टक्के, पुरुष २.७ टक्के. देश बदलला, मोजायची पद्धत बदलली, तरी पारडं त्याच बाजूला झुकतं. का, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, बायकांचा जीवच हळवा. थोडं वाचलेली माणसं म्हणतात, सगळा हार्मोन्सचा खेळ. दुसरं उत्तर शास्त्रीय वाटतं, त्यामुळे ते ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. माझा राग आहे तो या न विचारण्यावर.

हार्मोन्सचं उत्तर पुरेसं असेल, तर ते सगळ्यात आधी बाळंतिणीच्या बाबतीत खरं ठरायला हवं. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतात आणि वार पडल्यावर काही दिवसांतच धाडकन खाली येतात. बाईच्या आयुष्यात इतक्या कमी वेळात इतका मोठा उतार एरवी कधीच येत नाही. म्हणून बायका आणि पुरुषांतल्या फरकाचा विचार करायला मी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रकरण घेतलं आहे. हार्मोन्सची बाजू जिथे सगळ्यात भक्कम, तिथेच तिला तपासून पाहू. अशी तपासणी आपल्या शेजारी, गोव्यात झालेली आहे.

पाहणी काय होती

विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांशी शेवटच्या तिमाहीत बोलायला सुरुवात केली. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर त्याच बायकांना पुन्हा गाठलं आणि सहा महिन्यांनी आणखी एकदा. त्यांचा निबंध जानेवारी २००२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकायट्री’त छापून आला. प्रश्नावली एडिंबरोत १९८७ साली तयार झालेली, दहा प्रश्नांची, कोकणीत उतरवलेली. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, काही गोष्टींची वाट पाहावीशी वाटली का, उगाच स्वतःला दोष दिला का, रडू आलं का, स्वतःला इजा करायचे विचार आले का, असे साधे प्रश्न. बाळंतिणीची झोप आणि भूक बाळामुळेच बिघडलेली असते, म्हणून या प्रश्नावलीत शरीराच्या तक्रारींना फारसा भाव दिलेला नाही. प्रश्नांसोबत घरची मिळकत, नवऱ्याशी संबंध, मारहाण, आधीची मुलं, मुलगा हवा होता की मुलगी, हेही विचारलं. माझ्या मते या पाहणीचं खरं मोल इथे आहे. आजार मोजणारे पुष्कळ असतात. ज्या घरात तो आजार राहतो ते घरही सोबत मोजणारे थोडे.

गोवा निवडल्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. हे राज्य देशातल्या बऱ्या राज्यांपैकी. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती, बाळंतपणं दवाखान्यात होतात, पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात मुलीलाही वारसाहक्क आहे. मागास भाग, अडाणी माणसं, अशी सबब इथे चालत नाही.

काय सापडलं

सहा ते आठ आठवड्यांनी ५९ बायका नैराश्याने आजारी निघाल्या. हे प्रमाण २३ टक्के, म्हणजे जवळपास दर चौथी बाळंतीण. आकडा अचंबित करणारा वाटेल, पण तो एकटा नाही. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या ३८ पाहण्या एकत्र करून वीस हजारांहून जास्त मातांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी २२ टक्के आली. गोव्यातल्या आजारी मातांपैकी निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. बाळंतपणानंतर दोन-चार दिवस येणारं रडू आपोआप ओसरतं. हे तसं नव्हतं.

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. या आजारी मातांपैकी ७८ टक्के बायका बाळंत होण्याआधीच, गरोदरपणातल्या भेटीतच, मानसिकदृष्ट्या बऱ्यापैकी त्रासलेल्या होत्या. म्हणजे वार पडायच्या आधी, हार्मोन्स कोसळायच्या आधी. तो उतार प्रत्येक बाळंतिणीला येतो, मग चौघींपैकी तिघी सुखरूप पार पडतात आणि एक बुडते हे कसं? काही बायकांचं शरीर या उताराला जास्त हळवं असतं, असे पुरावे आहेत आणि ते मी नाकारत नाही. पण गोव्यातल्या दहापैकी जवळपास आठ जणींचं दुःख उताराच्या आधीच सुरू झालं होतं. बाळंतपणाने ते आणलं नाही. ते आधीपासून होतं, बाळंतपणानंतर तपासलं तेव्हाही ते तिथेच होतं.

ते आलं कुठून, याचं उत्तर त्याच पाहणीत आहे: पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. आजार जडायला आणि टिकायला हीच दोन कारणं पुढे आली. तिसरी गोष्ट होती जन्माला आलेल्या बाळाचं लिंग. बाळ मुलगा की मुलगी यावर नैराश्याचा धोका बदलत होता, आणि एवढंच नव्हे, इतर धोक्यांचा जोर किती हेही त्यावर ठरत होतं. २००२ मध्येच तमिळनाडूच्या ग्रामीण भागातली अशीच एक पाहणी छापून आली. तिथेही तेच: कमी मिळकत, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी आणि आईवडिलांशी तणाव, हाताशी मदत नसणं.

आपल्याकडे बाळंतिणीची सेवा म्हणजे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेकशेगडी, बाळंतकाढा, सव्वा महिना पूर्ण विश्रांती. या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हाताखाली, ही रीत ज्यांनी घातली त्यांना बाईच्या थकव्याची जाण होती. पण सव्वा महिना संपला की ती सेवाही संपते. माहेरची मदत मागे राहते, सासरच्या कामाचा ढीग पुढे उभा असतो, आणि कडेवर मुलगी असेल तर स्वागत कसं होईल याची धास्ती वेगळीच. गोव्यातल्या पाहणीने ज्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात विचारलं, तो कित्येकींसाठी नेमका हा काळ असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर माहेरपणही मिळेलच असं नाही.

याच गटाने पुढे काही माता आणि त्यांच्या नवऱ्यांशी सविस्तर बोलून २००३ मध्ये आणखी एक निबंध लिहिला. बायकांना आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येत होतं. त्याला आजाराचं नाव त्या देत नव्हत्या, पण कारण अचूक सांगत होत्या: घरातली अडचण, नवऱ्याचं वागणं. ज्या बाईला आपल्या दुःखाचं कारण माहीत आहे तिला आपण ‘हळवी’ म्हणतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

बाळांचं काय झालं हेही मोजलं गेलं. सहा आठवड्यांना आई नैराश्यात असेल, तर सहा महिन्यांच्या बाळाचं वजन आणि लांबी कमी राहण्याचा धोका इतर कारणं वगळूनही बराच वाढलेला दिसला आणि बाळाच्या मानसिक वाढीची मापंही मागे राहिली. कुपोषणाच्या बैठकीत आईच्या मनाचा विषय निघत नाही, तो निघायला हवा.

पुरुष कुठे होते

इथवर फक्त बायका आल्या. फरकाबद्दल बोलायचं तर पुरुषाला तोच प्रसंग कसा लागतो ते पाहावं लागेल. नेमका तसा अभ्यास ब्रिटनमध्ये १९९७ साली छापून आला. जेम्स नाझरू, एंजेला एडवर्ड्स आणि जॉर्ज ब्राउन यांनी शंभर जोडपी घेतली. दोघांवर एकच मोठं संकट नुकतंच कोसळलं आहे, अशीच जोडपी निवडली. मग आजारी कोण पडलं ते पाहिलं. बायका जास्त पडल्या, पण सरसकट नाही. मुलं, घर आणि गर्भधारणा-बाळंतपण यांच्याशी जोडलेल्या संकटांतच त्यांचा धोका पुरुषांहून जास्त होता. बाकीच्या संकटांत नव्हता. आणि तोही फक्त अशा घरांत, जिथे ‘हे तुझं काम, हे माझं’ अशी स्पष्ट वाटणी होती. अशा घरांत बायका संकटाचा दोष स्वतःकडे घेत आणि पुरुष त्यातून स्वतःला बाजूला काढत, असंही अभ्यासकांना जाणवलं.

एकच घटना, एकच छप्पर, आणि ज्याच्यावर त्या गोष्टीची जबाबदारी टाकलेली असते तो माणूस खचतो. ‘मुलगी झाली’ ही बातमी आपल्याकडे कोणाच्या खात्यावर लिहिली जाते, ते सांगायला नको. बाळाचं लिंग बापाच्या बीजावरून ठरतं हे शाळेत शिकवून कित्येक पिढ्या झाल्या, तरी बोल लागतो तो आईलाच.

मग गोव्यातले पुरुष सुखात होते का? अजिबात नाही. गोव्यातल्या कारखान्यांतल्या हजारभर पुरुष कामगारांची एक पाहणी २००३ मध्ये आली. त्यात सुमारे २१ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीवर दारू पिणारे निघाले, आणि त्या पिण्याशी मानसिक त्रासाचा संबंध होता. मदत मागायला गेलेले अगदी थोडे. बाईचा त्रास रडण्यात, थकव्यात, कंबरदुखीत आणि अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीत दिसतो. या शेवटच्या तक्रारीवर गोव्यात वेगळं काम झालं आहे. तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त घट्ट निघाला, आणि तरीही दवाखान्यात बहुतेकींच्या हाती पडतात त्या जंतुनाशक गोळ्याच. पुरुषाचा त्रास बाटलीत, चिडण्यात, हात उगारण्यात दिसतो. नैराश्याच्या प्रश्नावलीत रडण्याबद्दल प्रश्न असतो, हात उगारण्याबद्दल नसतो.

अमेरिकेत २०१३ मध्ये हाच धागा धरून एक तपासणी झाली. राग, नशा, जिवावर उदार होऊन वागणं अशी लक्षणंही नैराश्याच्या यादीत घातली, तेव्हा नेहमीची आणि ही लक्षणं मिळून स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ३१ टक्के अशी जवळजवळ बरोबरी झाली. आत्महत्यांकडे पाहिलं तर चित्र उलटं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली नोंदवलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी दहातले सात पुरुष होते. कमी आजारी असणारे जास्त संख्येने मरतात, हे कोडं मोजण्याच्या पद्धतीकडे पाहिल्याशिवाय सुटत नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत दारू आणि मारहाण दोन्ही समाजाला मान्य नाहीत. तिथल्या १९८३ च्या अभ्यासात नैराश्याचं प्रमाण बायका-पुरुषांत सारखं निघालं होतं. तेही याच दिशेला बोट दाखवतं.

पण मी इथे थांबणार नाही, कारण ‘पुरुषांचं मोजलं जात नाही’ एवढंच म्हटलं की विषय पुन्हा हातातून निसटतो. गोव्याच्या आकड्यांत ही दोन दुःखं वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. नवऱ्याचं दुःख दारू होऊन घरात येतं, मिळकत खातं, मारहाण होतं, आणि तेच बायकोच्या नैराश्याचं कारण म्हणून पाहणीत नोंदलं जातं. उत्तर गोव्यातल्या २,४९४ बायकांच्या २००६ सालच्या पाहणीत नवऱ्याची लैंगिक बळजबरी, निर्णयात न चालणारा शब्द, घरच्यांचा न मिळणारा आधार आणि पोटभर अन्न नसणं ही नैराश्य-चिंतेच्या आजारांमागची ठळक कारणं होती. त्यातली किती बाईच्या शरीरात आहेत? एकही नाही. पुरुषाला आपलं दुःख दुसऱ्यावर काढायची मुभा आहे, बाईला ते गिळायची सवय लावलेली आहे. आकड्यांतला फरक मोठ्या प्रमाणात या मुभेचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

न बसणारे पुरावे

या मताला अडचणीत आणणाऱ्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, वय. नव्वदहून जास्त देशांची माहिती एकत्र केलेल्या २०१७ च्या विश्लेषणात हा फरक साधारण बाराव्या वर्षी उगवतो, तेरा ते पंधरा या वयात तिपटीला पोचतो आणि मग दुपटीवर स्थिरावतो. पाळी सुरू होण्याच्या सुमारास हे घडतं, तेव्हा शरीराचा हात नाही असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मात्र त्याच वयात मुलीचं बाहेर खेळणं बंद होतं, कपड्यांवर नजर येते, रस्त्यावर छेडछाड सुरू होते. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून वेगळं काढता येत नाही.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. त्याच विश्लेषणात स्त्री-पुरुष समानता जास्त असलेल्या देशांत तीव्र नैराश्यातला फरक कमी होण्याऐवजी मोठा दिसला. मला याचं उत्तर असं वाटतं की समानतेचे निर्देशांक शिक्षण, नोकरी, संसदेतल्या जागा मोजतात. रात्री तीनला बाळ रडलं तर कोण उठतं, हे ते मोजत नाहीत. शिवाय जिथे बाई मोकळेपणी ‘मला बरं नाही’ म्हणू शकते तिथे तिची नोंदही जास्त होते. हे उत्तर अपुरं आहे याची मला जाणीव आहे.

मग उपचारांत काय झालं

गोव्यातच ‘संगत’ या संस्थेने पुढची कित्येक वर्षं यावर काम केलं. जानेवारी २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. दोन्ही गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाल्या होत्या आणि दोन्हींत समुपदेशन करणारी माणसं डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. एक चाचणी नैराश्याची. सहा ते आठ भेटी, त्यांत रोजच्या आयुष्यात पुन्हा हालचाल कशी आणायची, अडचणी कशा सोडवायच्या, यावर बोलणं. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, समुपदेशन मिळालेल्या बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली. दुसरी चाचणी घातक पातळीवर दारू पिणाऱ्यांची, तिच्यात फक्त पुरुष. जास्तीत जास्त चार भेटी. यश मिळालं, पण माफक: समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के सावरले, इतरांत २६ टक्के. आणि घरातल्या मारहाणीत मात्र फरक पडला नाही.

या दोन निकालांपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. मारहाण करणारा पुरुष, पण ती कमी झाली ती बाईवर उपचार केल्यावर. म्हणजे उपचारातही घर सावरायची जबाबदारी पुन्हा तिच्याकडेच गेली. यात समुपदेशकांचा दोष नाही, त्यांनी केलेलं काम मोलाचं आहे. दोष रचनेचा. एकाच गावच्या आरोग्य केंद्रात बायकोचं नाव एका नोंदवहीत, नवऱ्याचं दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या कोणी शेजारी ठेवत नाही. बाप झालेल्या पुरुषांतही जवळपास दहापैकी एकजण नैराश्यात असतो आणि आई आजारी असेल तर बापाचंही मन बिघडलेलं असण्याची शक्यता वाढते, हे २०१० पासून माहीत आहे. त्याला मात्र कोणीच काही विचारत नाही.

करता येण्याजोगं पुष्कळ आहे आणि त्याला मोठा खर्च नाही. महाराष्ट्रात दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई बाळाला पाहायला ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा जातात. शेवटची भेट नेमकी सहाव्या आठवड्याची. बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो. त्याच भेटीत आईला ते दहा प्रश्न विचारता येतील. दीड महिन्याच्या लसीला बाळासोबत बापही आलेला असेल, तर त्यालाही झोप, चिडचिड आणि दारू याबद्दल दोन प्रश्न विचारता येतील. आणि गरोदरपणातच विचारलं तर उत्तम, कारण गोव्यातल्या आजारी मातांपैकी ७८ टक्के जणींचा त्रास तेव्हाच दिसत होता. केरळने ‘अम्मा मनस्सु’ या नावाने मातांच्या मनाची तपासणी सरकारी व्यवस्थेत आणली आहे, आपल्यालाही ते जमेल.

घरात कोणी बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, बाळाकडे पाहूनही तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर ‘होतं असं, जाईल’ म्हणून सोडू नका. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करायचं ती बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नैराश्यावर अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात, ती कोणती हे डॉक्टर ठरवतील. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. हाच क्रमांक तिच्या नवऱ्यालाही द्या.